सांडपाण्याच्या गाळापासून प्लास्टिक: गावाकडून येणारे प्रश्न

आपल्या भागातले ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या ताई, नगरपंचायतीचे कर्मचारी आणि कॉलेजची पोरं या विषयावर फिरून फिरून जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे.

गाळापासून प्लास्टिक? काहीबी सांगता का राजेहो?

खरे आहे, पण बातमीत येते ते अर्धेच असते. गाळ वाळवला, वितळवला आणि पन्नी काढली, असे काही होत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्या टाकीतला गाळ म्हणजे बहुतांशी हे जिवाणूच. त्यातल्या काहींना एक सवय आहे: खाणे भरपूर मिळाले, पण वाढायला लागणारे नत्र किंवा स्फुरद कमी पडले, की जास्तीचे खाणे ते अंगात साठवतात. आपण सुगीत कणगी भरतो तसेच. ही साठवण बारीक दाण्यांच्या रूपात असते आणि ते दाणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पॉलिस्टर असतात. म्हणजेच प्लास्टिक.

या कुळाला पीएचए म्हणतात. त्यातला सर्वांत साधा आणि जास्त अभ्यासलेला प्रकार म्हणजे पीएचबी. फ्रान्सच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या मोरिस लमॉन्य यांनी तो बॅसिलस मेगाटेरियम नावाच्या जिवाणूत 1926 च्या सुमारास ओळखला. म्हणजे शोध शंभर वर्षांचा आहे. नवीन आहे ते एवढेच, की साखर खाऊ घालण्याऐवजी सांडपाण्यावर हे काम करून घ्यायचे.

हे जिवाणू बाहेरून आणा लागतात का?

नाही. ते तुमच्या वावरात आहेत. सोयाबीनचे झाड उपटा, मुळांवरच्या गाठी बघा. त्या गाठींत नत्र धरून देणारे जे रायझोबियम असतात, तेही पीएचबी साठवतात. बीजप्रक्रियेसाठी कृषी केंद्रातून अ‍ॅझोटोबॅक्टरचे पाकीट आणता ना, त्यातलाही जिवाणू पीएचबी साठवतो. आपण पिढ्यानपिढ्या प्लास्टिकवर नांगर चालवत आलो आहोत, फक्त कोणी सांगितले नव्हते.

कारखान्यात मात्र दोन वाटा आहेत. एकात एकच निवडक जात वाढवतात, उदाहरणार्थ क्युप्रियाव्हिडस नेकॅटर. हा पठ्ठ्या सुक्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत प्लास्टिक साठवतो. पण त्याला स्वच्छ साखर किंवा तेल लागते, टाकी निर्जंतुक लागते, दुसरा जिवाणू आत शिरला की घाण होते सारी. दुसरी वाट मिश्र जिवाणूंची. तिथे काहीच निर्जंतुक करत नाहीत, उलट परिस्थितीच अशी ठेवतात की साठवणारा टिकेल आणि न साठवणारा मागे पडेल. सांडपाण्याला ही दुसरीच वाट लागू पडते.

करतात कसे, ते सरळ सांगा ना जी.

चार टप्पे आहेत.

आधी खाणे तयार करायचे. जिवाणूंना कच्ची घाण थेट उपयोगाची नसते, त्यांना छोटी आम्ले लागतात: व्हिनेगरमधले असेटिक, शिवाय प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. त्यासाठी ताजा गाळ किंवा ओला कचरा काही दिवस बंद टाकीत हवेविना आंबवतात. इथे एक डाव सांभाळावा लागतो. तसेच सोडले तर पुढचे जिवाणू त्या आम्लांचा मिथेन करून टाकतात. म्हणून मुदत कमी ठेवून आणि सामू सांभाळून आंबवणे मधेच थांबवतात. आम्लांचे मिश्रण कसे आहे त्यावर प्लास्टिकचा पोत ठरतो. नुसत्या असेटिकवर पीएचबी मिळते, ते कडक आणि कडकडून मोडणारे. प्रोपिऑनिक जास्त असेल तर साखळीत दुसरा घटक शिरतो आणि माल लवचिक होतो.

मग साठवणारे निवडायचे. हा टप्पा मला स्वतःला सर्वांत हुशारीचा वाटतो. हवा फुंकलेल्या टाकीत आम्ले एकदम ओततात. थोड्या वेळात ती संपतात. त्यानंतर कितीतरी तास काहीच देत नाहीत. पुन्हा ओततात, पुन्हा उपास. ज्यांनी भरल्या वेळी साठवून ठेवले ते उपासाच्या वेळी त्यावर निभावतात, बाकीचे हळूहळू धुऊन जातात. आठवड्या-आठवड्यांनी टाकीत साठवणाऱ्यांचीच जमात उरते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात याच रीतीने निवडत गेल्यावर असा एक जिवाणू हाती लागला, जो आठ तासांच्या आत ऐंशी टक्क्यांच्या पुढे भरतो. त्याचे नावच त्यांनी प्लास्टिसिक्युम्युलान्स ठेवले.

तिसरा टप्पा भरण्याचा. निवडलेले जिवाणू वेगळ्या टाकीत घेऊन त्यांना आम्ले द्यायची, नत्र द्यायचे नाही, हवा चालू. काही तासांत ते फुगतात. भरले की लगेच आम्ल टाकून किंवा उष्णतेने त्यांना थांबवावे लागते. नाही तर खाणे संपल्यावर ते साठवलेलेच खायला लागतात आणि तुमचे प्लास्टिक हवेत जाते.

शेवटी दाणे बाहेर काढायचे. गाळ वाळवून योग्य द्रावकात गरम करायचा, प्लास्टिक विरघळते, कचरा गाळून वेगळा होतो, थंड केले की पांढरट किंवा पिवळसर माल मिळतो. दुसऱ्या पद्धतीत ब्लीचसारख्या रसायनाने जिवाणूंचे शरीरच विरघळवतात आणि दाणे उरतात. क्लोरोफॉर्मने उत्तम निघते, पण तो विषारी आहे. गावाच्या शेडमध्ये क्लोरोफॉर्मचे ड्रम ठेवा असे कोणी सुचवले तर त्याला दारातूनच वाटेला लावा. खर्चाचा मोठा भाग याच टप्प्यावर जातो आणि बातम्यांत नेमका हाच टप्पा गाळलेला असतो.

आमच्या गावात घरोघरी सेप्टिक टँक आहे. तो गाळ चालन का?

नाही, आणि हेच सर्वांत जास्त वेळा सांगावे लागते. सेप्टिक टँक वर्षानुवर्षे हवेविना बंद असते. तिथल्या मैल्यातले खाण्याजोगे जे होते ते केव्हाच कुजून वायू होऊन गेले. तळाशी साचलेला काळा गाळ म्हणजे उरलेला चोथा, माती, वाळू, केस आणि अर्धमेले जीव. त्यातून आम्लेही फार निघत नाहीत आणि हवेत जगणारे, साठवणारे जिवाणूही त्यात पुरेसे नसतात.

लागतो तो जिवंत गाळ, रोज हवा फुंकणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला, तपकिरी, मातीसारखा वास येणारा. असे केंद्र म्हणजे भुयारी गटार हवे, आणि भुयारी गटार विदर्भातल्या खेड्यात तर नाहीच, बहुतेक तालुक्याच्या गावातही नाही. मोठे केंद्र बघायचे तर नागपुरात भांडेवाडीला. तिथले शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते.

दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असेल तर तुमच्याकडे याहून चांगली वस्तू आहे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्डा वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवला की आत होते ते सोनखत. त्याच्यासाठी ना वीज लागते ना इंजिनिअर.

समजा गटार झालं, केंद्र झालं. तीन हजार वस्तीच्या गावात किती माल निघन?

हिशोब करून बघू. प्रक्रिया केंद्रात माणशी रोज साधारण 25 ग्रॅम सुका जिवाणू-गाळ तयार होतो असे धरा. तीन हजार माणसांचा 75 किलो. भरल्यावर एकूण वजनाचा (75 किलो गाळ अधिक दाणे) तिसरा हिस्सा प्लास्टिक झाला तर रोज 35-40 किलो दाणे, आणि काढताना होणारी नासाडी वजा जाता 25-30 किलो. वर्षाला दहा टनांच्या आसपास. ऐकायला बरे वाटते.

आता दुसरी बाजू. एक किलो पीएचबी साठवायला जिवाणूंना साधारण तीन किलो आम्ले खावी लागतात, कारण त्यातला बराच भाग ते श्वासात जाळतात. म्हणजे रोज शंभर किलोच्या वर आम्ले. तीन हजार माणसांच्या मैल्यातून एवढी निघत नाहीत. त्यातला मोठा हिस्सा तर आधीच जिवाणू वाढवण्यात खर्च झालेला असतो. म्हणजे अडचण जिवाणूंची नाही, त्यांच्या चाऱ्याची आहे.

आणि पंचवीस किलोसाठी द्रावकाची यंत्रणा, बॉयलर, प्रयोगशाळा, चोवीस तासांची माणसे बसवणे परवडत नाही. हे काम लाखाच्या वर वस्तीच्या शहराचे आहे, किंवा अनेक केंद्रांचा भरलेला गाळ वाळवून एकाच ठिकाणी नेण्याचे. माझे मत विचाराल तर विदर्भात ते नागपूर-अमरावतीलाच शोभते.

मग चारा बाहेरून आणू. संत्र्याचा कचरा चालन ना?

वरूड-मोर्शी भागातून हा प्रश्न हमखास येतो. चालतो, पण सालीसकट नाही. संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचे तेल असते. तोच तो सोलताना डोळ्यात उडणारा फवारा. ते जिवाणूंना मारक आहे. आंबवण्याची टाकी त्याने थंड पडते. आधी तेल काढून घ्यायचे (त्याला स्वतंत्र बाजार आहे), मग उरलेला लगदा द्यायचा. गळालेली, सडकी संत्री आणि रस काढल्यानंतरचा गर त्या मानाने सोपा.

भंडारा-गोंदियाकडे उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या आहेत. धान भिजवून उकडल्यावरचे पाणी पिष्टाने भरलेले असते आणि दोन दिवसांत नाल्याला घाण वास सुटतो. तो वास म्हणजेच ती आम्ले, आपोआप तयार झालेली. डेअरीचे धुवण, भाजी बाजाराचा ओला कचरा हेही चांगले खाणे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर, गाळातल्या जिवाणूंकडून पीएचबी तयार करून दाखवले आणि 2007 साली ते प्रसिद्ध केले. तेव्हा हे काम आपल्या दारातच झालेले आहे, परदेशातून शिकायला हवे असे नाही.

हंगामाचे मात्र बघा. संत्रा दोन बहरांत येतो, धान एका हंगामात. जिवाणूंना रोज लागते. आज संत्रा, उद्या पेज, परवा काहीच नाही, असे केले तर आम्लांचे मिश्रण बदलते आणि मालाचा पोत दर खेपेला वेगळा निघतो. पिशव्या फुगवणाऱ्या कारखानदाराला ते खपत नाही.

यापेक्षा गोबर गॅस काय वाईट?

काहीच वाईट नाही. दोन्हींचा कच्चा माल एकच. आम्ले झाल्यावर पुढे मिथेन करायचा की प्लास्टिक, एवढाच फरक. मिथेन कमी किमतीचा, पण टाकी बंद ठेवली की आपोआप होतो. प्लास्टिक महाग, पण त्याला सतत हवा फुंकावी लागते, आणि सांडपाणी केंद्रात सगळ्यात जास्त वीज हवेच्या ब्लोअरलाच लागते. आपल्याकडे लाइन गेली की केव्हा येईल ते महावितरणलाच ठाऊक. गोबर गॅसला लाइन गेल्याचे कळतही नाही. भरण्याच्या टप्प्यात ब्लोअर दोन तास बंद पडला तर अख्खी खेप गेली. ज्या गावात जनावरे आहेत आणि सिलिंडर महाग वाटतो, त्या गावाने गॅसच करावा.

जगात हे कुठं चालू आहे?

नेदरलँड्समध्ये बाथ नावाच्या ठिकाणच्या केंद्राचा नेहमीचा गाळ घेऊन 2015-16 मध्ये मोठा प्रायोगिक प्रकल्प झाला. मुद्दाम जिवाणू निवडायचा टप्पा न करताही गाळ सुक्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास भरला. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या केंद्रावरही चाचण्या झाल्या. साखर आणि तेलापासून पीएचए विकणाऱ्या कंपन्या बऱ्याच वर्षांपासून आहेत. 1990 मध्ये जर्मनीत त्याची शाम्पूची बाटली बाजारात आली होती. पण गाळापासूनचे प्लास्टिक अजून प्रायोगिक प्रकल्पांच्या फार पुढे गेलेले नाही, आणि साध्या पॉलिथिनपेक्षा ते कित्येक पट महाग पडते.

खर्ऱ्याच्या पन्न्या याच्या बनवता येईन का?

प्रत्येक सभेत कोणीतरी विचारतेच आणि मागून हशा पिकतो. पण प्रश्न बरोबर आहे. पानठेल्याभोवती, बस स्टँडवर, नालीत सगळीकडे त्याच पन्न्या असतात. उत्तर दोन भागांत. खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहे, तेव्हा त्याची पन्नी हिरवी करून द्यायचे काम माझे नाही. आणि गाळापासूनचे प्लास्टिक तोंडात जाणाऱ्या कोणत्याच वस्तूला लावायचे नसते: ना खर्रा, ना दूध, ना भाजी.

मग कशाले वापरायचं?

मातीत जायच्या वस्तूंना. रोपवाटिकेच्या पिशव्या हे मला पहिले काम वाटते. वन विभाग आणि खासगी रोपवाटिका दरवर्षी काळ्या पिशव्यांत रोपे देतात. लावताना पिशवी फाडून बांधावर टाकली जाते आणि वाऱ्याने वावरभर होते. मिरची-टरबुजाच्या मल्चिंग पेपरचेही तेच. हंगाम संपला की निम्मा निघतो, निम्मा फाटून मातीत. तो पुढच्या वर्षी वखराच्या पासेला गुंडाळतो. शिवाय हळूहळू सुटणाऱ्या खताच्या दाण्यावरचे आवरण, वेलींना बांधायची सुतळी.

नुसते पीएचबी मात्र मल्चिंगला चालत नाही, फाटते. शिवाय ते 175 अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या थोडे वर गेले की तुटायला लागते, त्यामुळे यंत्रावर नाजूकपणे सांभाळावे लागते. म्हणून त्यात लवचिक घटक किंवा दुसरे विघटनशील प्लास्टिक मिसळतात.

आमच्या चंद्रपूरच्या उन्हात वितळून जाईन ना ते?

नाही. 47 अंश कुठे आणि 175 कुठे. उन्हाने ते विघटितही होत नाही. त्याला खाणारे जीव लागतात आणि जिवांना ओल. मृगाच्या पावसानंतर ओल्या मातीत पातळ मल्चिंग पेपर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत विरतो, जाडीप्रमाणे. पण एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या काळ्या मातीत, भेगांत पडलेला तुकडा तसाच राहू शकतो. घराच्या कपाटात ठेवली तर पिशवी वर्षानुवर्षे टिकते.

इथे एक फरक सांगून ठेवतो. बाजारात 'बायो' म्हणून मिळणाऱ्या कपांत-चमच्यांत पीएलए नावाचे प्लास्टिक असते. त्याला साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा कंपोस्ट ढीग लागतो. उकिरड्यावर ते पडून राहते. पीएचए साध्या मातीतही विरते. दोन्ही एकच समजू नका.

गाईनं खाल्लं तं?

खाऊ देऊ नका. मातीत विरते म्हणजे पोटात विरेलच असे नाही, आणि पन्नी कोणती हे गाईला कळत नाही.

मैल्याचंच ना ते शेवटी? रोगराई? वास?

तयार मालाला वास नसतो किंवा किंचित असतो. द्रावकात गरम केल्यावर रोगजंतू आणि जंतांची अंडी टिकत नाहीत. धोका त्याआधीच्या टप्प्यांत आहे, ओला गाळ हाताळणाऱ्या माणसाला. दुसरी भीती जड धातूंची. घरगुती सांडपाण्यात ते कमी असतात, पण एमआयडीसीचे किंवा सोनार-बॅटरीवाल्यांचे पाणी त्याच गटारात आले तर गाळात शिसे, कॅडमियम, क्रोमियम उतरतात. प्लास्टिक शुद्ध करताना ते बहुतांश चोथ्यात राहतात, म्हणजे चोथ्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. दर खेपेला तपासणी हवी.

आणि गाळात उतरणार कोण?

हा प्रश्न एका सफाई कामगाराने विचारला होता. बाकीच्यांनी तो विचारला नाही, यातच सगळे आले. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेणे गुन्हा आहे, आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस सेप्टिक टँकमध्ये उतरवणेही. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणूस पाडतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. वाचवायला गेलेला दुसराही जातो. टँकर-पंपाशिवाय टाकी उपसायची नाही, मग गाळाचे सोने होणार असो की प्लास्टिक. कोणताही प्रकल्प अहवाल समोर आला तर मी आधी हेच पान शोधतो, आणि बहुतेकदा ते नसते.

एक जण आला होता, म्हणे बचत गटाले मशीन देतो, गाळ टाका, पिशव्या काढा.

पैसे देऊ नका, ताई. अशी एका मशीनची गोष्टच नाही, हे वरचे चार टप्पे वाचून लक्षात आले असेल. त्याला तीन गोष्टी विचारा: आम्ले कुठून येणार, द्रावक कोणता, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का. 'कंपोस्टेबल' म्हणून पिशवी विकायला ते प्रमाणपत्र लागते आणि माल आयएस/आयएसओ 17088 या मानकात बसावा लागतो. राज्यात 2018 पासून आणि देशात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. या बंदीची भीती दाखवून साध्या पॉलिथिनवर हिरवे पान छापून विकणारेही फिरतात. गटाला काम हवे असेल तर जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या शिवा. त्यात फसवणूक होत नाही.

नगरपंचायतीत सांडपाणी केंद्राचा प्रस्ताव आहे. आत्ताच काय मागून ठेवावं?

प्लास्टिक मागू नका. जागा मागा. बहुतेक आराखड्यांत पाणी शुद्ध होईपर्यंत सगळे रेखाटलेले असते आणि गाळासाठी कोपऱ्यात एक चौकोन. गाळ वाळवण्याचे वाफे पुरेसे मोठे हवेत, पावसाळ्यासाठी त्यावर छप्पर हवे. कारखान्यांचे पाणी गटारात येणार नाही अशी अट लेखी घ्या. गाळाची तपासणी कोण, किती दिवसांनी करणार, ते निविदेतच लिहून घ्या. सेप्टिक टँकच्या टँकरने रिकामे करायचे ठिकाण त्याच आवारात मागा, नाही तर तो रात्री नाल्यातच मोकळा होतो. एवढे असले तर गाळ स्वच्छ आणि मोजलेला राहील, आणि दहा वर्षांनी नागपूर किंवा अमरावतीला कोणी असा कारखाना काढला तर तुमचा गाळ तो विकत घेईल. घाणेरडा, मिसळलेला गाळ फुकटही कोणी नेत नाही.

कॉलेजात हे बघता येईन का, सर?

येईल. सांडपाण्याला हात लावायची गरज नाही. ऑगस्टमध्ये, सोयाबीन फुलोऱ्यावर असताना, एक झाड मुळासकट उपटा. गाठ कापून आत गुलाबी दिसते का बघा. गुलाबी म्हणजे कामावर असलेली गाठ. ती धुऊन थेंबभर पाण्यात चिरडा, काचपट्टीवर पातळ पसरा, वाळू द्या, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. सुदान ब्लॅक बी हा रंग दहा-पंधरा मिनिटे ठेवा, झायलीनने जास्तीचा रंग काढा, मग सॅफ्रानिन थोडा वेळ. तेल लावून शंभरच्या लेन्सखाली बघितले की गुलाबी जिवाणूच्या आत काळे-निळे ठिपके दिसतात. तेच प्लास्टिक. झायलीन खिडकी उघडी ठेवूनच वापरा, ज्योतीपासून लांब, आणि काम झाले की लेन्सचे तेल पुसून ठेवा, नाही तर लॅब असिस्टंट दुसऱ्यांदा सूक्ष्मदर्शी देत नाही.